मशीनवरील क्विल्टसाठी भरणाची निवड

क्विल्ट म्हणजे तीन थरांचे पांघरूण. वरचा थर कापडाचे तुकडे जोडून सजविलेला, खालचा साध्या अस्तराचा आणि या दोहोंच्या मध्ये ऊब देणारे भरण. हे तिन्ही थर आरपार शिवून एकजीव करणे म्हणजे क्विल्टिंग. यांपैकी वरच्या थराचे कापड, रंगसंगती आणि नक्षी यांचा विचार महिनोन्महिने चालतो. भरण मात्र बहुधा दुकानात जे हाती लागेल ते घेतले जाते. या हलगर्जीपणाची किंमत पहिल्या धुण्यातच मोजावी लागते. भरण एका कोपऱ्यात गोळा होते, शिवणींच्या मध्ये पोकळ फुगे येतात, गडद कापडातून पांढरे तंतू डोकावू लागतात किंवा पलंगाच्या मापाचा क्विल्ट पलंगाला अपुरा पडतो. शिवण उसवून भरण बदलणे हा उपाय कागदावरच सोपा. मशीनच्या बारीक टाक्यांनी शिवलेला क्विल्ट उसवताना वरचे कापड सहसा टिकत नाही.

या भरणाला अमेरिकेत ‘बॅटिंग’ म्हणतात. क्रिकेटच्या देशात हा शब्द काहीसा चमत्कारिक वाटावा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात त्यालाच ‘वॉडिंग’ हे नाव आहे. भारतीय बाजारात पॉलिएस्टरचे भरण ‘पॉलिफिल’ म्हणूनही ओळखले जाते.

गोधडी, दुलई आणि क्विल्ट

महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडीत स्वतंत्र भरण नसते. जुनी लुगडी, साड्या, धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर जवळजवळ धावदोरा घालीत जायचे, एवढीच तिची रचना. विणलेल्या कापडाचा थर जागचा हलत नाही. त्यामुळे गोधडी वर्षानुवर्षे धुतली तरी तिच्यात गोळे होत नाहीत; झिजते ते वरचे कापड. दुलईचे तसे नाही. तिच्यात पिंजाऱ्याने पिंजून दिलेला मोकळा कापूस असतो आणि त्याला धरून ठेवणारे टाके दूरदूर असतात. काही वर्षांत कापूस दबतो, सरकतो, त्याचे गोळे होतात. मग दुलई उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. दुलई पाण्यात घालण्याची पद्धत नाही, ती याच कारणाने. तिला ऊन दाखवायचे आणि वर खोळ घालायची.

मशीनवर शिवावयाच्या क्विल्टचे भरण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते. ते विणलेले नसते आणि दुलईतल्या कापसासारखे अगदी मोकळेही नसते. ते किती घट्ट बांधलेले आहे, यावर दोन शिवणींमध्ये किती अंतर ठेवता येईल हे ठरते. म्हणून भरणाची निवड नक्षी ठरविल्यानंतर नव्हे, तर नक्षीबरोबरच करावी लागते.

अंतराचे गणित

अमेरिकेतील जुन्या क्विल्टमधील शिवणी अत्यंत दाट दिसतात. त्यात हौस होतीच, पण गरजही होती. घरी पिंजलेल्या कापसाचे भरण धरून ठेवण्यासाठी शिवणी इंच-दीड इंचाच्या आत घालाव्या लागत. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे १८४६ साली स्थापन झालेल्या स्टर्न्स अँड फॉस्टर या कंपनीने कापसाच्या पटलावर पातळ लेप देऊन ते गुंडाळता-उलगडता येईल असे भरण बाजारात आणले. तथापि अशा भरणालाही दाट शिवण लागतच असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे भरण आले आणि शिवणी एकदम विरळ झाल्या. पॉलिएस्टरचे तंतू लांब व सलग असतात आणि ते राळेसारख्या द्रव्याने किंवा उष्णतेने एकमेकांना चिकटविलेले असतात, म्हणून ते सहज विखुरत नाहीत.

कापसाच्या भरणात खरा बदल झाला तो सुयांच्या यंत्राने. या पद्धतीत बारीक आकडे असलेल्या हजारो सुया कापसाच्या पटलातून वरखाली जातात आणि तंतू एकमेकांत गुंतवितात. काही प्रकारांत त्याच वेळी कापसाच्या खाली अतिशय पातळ जाळीसारखा आधारपट बसविला जातो. इंग्रजीत त्याला ‘स्क्रिम’ म्हणतात. हा आधारपट बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचा असतो. वेष्टनावर ‘कापूस’ असे ठळक लिहिलेले असले तरी हा भाग कापसाचा नसतो, हे लक्षात ठेवावे.

फरक किती पडतो ते पाहावे. आधारपट असलेल्या ‘वॉर्म अँड नॅचरल’ या कापसाच्या भरणावर दोन शिवणींमध्ये १० इंचांपर्यंत अंतर चालते, असे उत्पादक सांगतात. आधारपट नसलेल्या, पण सुयांनी गुंतविलेल्या ‘क्विल्टर्स ड्रीम कॉटन’साठी ही मर्यादा ८ इंच आहे. हॉब्ज कंपनीच्या ८० टक्के कापूस व २० टक्के पॉलिएस्टर अशा मिश्र भरणासाठी ती ४ इंच आहे. केवळ लेप दिलेल्या जुन्या धर्तीच्या कापसाला मात्र २ इंचांच्या आतच शिवण लागते. चारही भरणे हातात घेतली तर वरवर सारखीच वाटतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेष्टनावरील आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. १० इंच अंतर चालत असले तरी रोज वापरावयाच्या आणि आठवड्याला धुवावयाच्या पांघरुणावर शिवणी तितक्या दूर ठेवणे शहाणपणाचे नाही. तिन्ही थर एकमेकांवर घासत राहतात आणि शिवणीवरील ताण वाढतो. साधारणतः ३ ते ४ इंच, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवले तर बहुतेक आधुनिक भरणे दीर्घकाळ टिकतात. याउलट प्रत्येक अर्ध्या इंचावर शिवण घातली, तर उत्तमोत्तम भरणही पुठ्ठ्यासारखे कडक होते. दाट नक्षी मनात असेल तर पातळ आणि आधारपट नसलेले भरण घ्यावे. ते अंगासरशी बसते.

सुट्या भरणावर, म्हणजे गजावर कापून मिळणाऱ्या मालावर, अंतराचा आकडा छापलेला नसतो. भारतात पॉलिएस्टरचे भरण बरेचदा असेच मिळते आणि त्याची जाडी ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन यावर सांगितली जाते. अशा वेळी हाताने परीक्षा करावी. भरणाची कड दोन बोटांत धरून हलकेच ओढावी. तंतू लगेच सुटून चिमटीत आले तर शिवणी जवळ घालाव्या लागतील, असे समजावे. पृष्ठभागावर तळहात घासल्यास लव निघत असेल, तर तेच तंतू पुढे कापडाबाहेर येणार.

मशीनला काय मानवते

हाताने शिवणाऱ्याला आवडणारे भरण मशीनला आवडेलच असे नाही. हाताच्या सुईला पॉलिएस्टर किंवा लोकर यांतून सहज जाता येते, तर आधारपट असलेल्या कापसात ती अडखळते. मशीनच्या सुईला या अडथळ्याची पर्वा नसते. तिची अडचण वेगळी आहे. मशीनचे दात खालचे कापड मागे ओढतात आणि वरचा प्रेसर फूट वरचे कापड दाबून धरतो. परिणामी खालचा थर पुढे निघून जातो, वरचा मागे राहतो आणि शिवणीच्या टोकाशी चुण्या जमा होतात. मधले भरण गुळगुळीत असेल तर हे सरकणे वाढते. कापूस कापडाला बिलगून राहतो. पॉलिएस्टरवरून कापड घसरते. नवशिक्याने मशीनवरील पहिला क्विल्ट कापसाच्या किंवा कापूस अधिक असलेल्या मिश्र भरणावर शिवावा, असे जे सांगितले जाते त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी अडचण जागेची. घरगुती मशीनची सुई आणि तिचा उजवीकडचा खांब यांमध्ये सुमारे १५ ते २० सेंटिमीटर जागा असते. मोठ्या क्विल्टचा निम्मा भाग गुंडाळी करून याच जागेतून काढावा लागतो. फुगीर भरणाची गुंडाळी तेथे मावत नाही, मावलीच तर ती सरकविताना हात भरून येतात आणि टाके वेडेवाकडे पडतात. दुकानात मऊ, जाड, ढगासारखे भरण पाहून मोह होतो खरा. पण एक सेंटिमीटरहून जाड भरण घरगुती मशीनवर घालू नये. तशा भरणाचे पांघरूण हवेच असेल तर शिवणींऐवजी ठरावीक अंतरावर दोऱ्याच्या गाठी माराव्यात, दुलईला मारतात तशा.

मशीनवरील क्विल्टिंग बराच काळ दुय्यम मानले जाई. १९८०च्या दशकात हॅरिएट हारग्रेव्ह यांनी आपल्या पुस्तकातून आणि वर्गांतून कापसाचे भरण व घरगुती मशीन यांची जोडी लोकप्रिय केली. १९८९ साली केंटकी राज्यातील पडुका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि हा वाद बहुतांशी मिटला. त्यानंतर भरण तयार करणाऱ्यांनीही मशीनचा विचार करून माल काढण्यास सुरुवात केली.

भरण कोणतेही असो, काही सोयी मशीनवर कराव्याच लागतात. सरळ शिवणीसाठी ‘वॉकिंग फूट’ लावावा. तो वरच्या थरालाही दातांच्या गतीने पुढे नेतो. मुक्त नक्षीसाठी दात खाली घ्यावेत किंवा त्यांवर झाकणपट्टी बसवावी आणि कापड हाताने फिरवावे. कापसाच्या भरणात थर जोडताना सेफ्टी पिना एका मुठीच्या अंतरावर पुरतात, पॉलिएस्टरला त्या अधिक जवळ लागतात. सुई नवी असावी. बोथट सुई तंतू कापण्याऐवजी खाली ढकलते आणि अस्तराच्या बाजूने भरणाची लव बाहेर येते. पुष्कळदा या लवेचा दोष भरणाला दिला जातो, प्रत्यक्षात तो जुन्या सुईचा असतो.

सुयांनी गुंतविलेल्या भरणाला सुलटी-उलटी बाजू असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्या बाजूने यंत्राच्या सुया आत शिरल्या तेथे बारीक खळगे दिसतात, दुसऱ्या बाजूला तंतूंचे सूक्ष्म गोळे. खळग्यांची बाजू वर ठेवावी, म्हणजे मशीनची सुईही त्याच दिशेने जाते आणि तंतू उलटे ओढले जात नाहीत. आधारपट असल्यास तो अस्तराकडे ठेवावा.

तंतूंचे गुणदोष

कापसाचे भरण हवा खेळती ठेवते, धुतल्यावर मऊ होते आणि सपाट बसते. त्यामुळे नक्षी उठून दिसत नाही, ही त्याची उणी बाजू. शिवाय ते वजनाला जड असते आणि घडी घालून ठेवल्यास घडीच्या रेषा राहतात. पॉलिएस्टर हलके, स्वस्त, लवकर वाळणारे आणि न आटणारे असते. कोकणासारख्या दमट हवेत, पावसाळ्यात पांघरूण वाळण्याची पंचाईत असते तेथे हा गुण मोठा आहे. परंतु ते घाम शोषत नाही आणि हलक्या प्रतीचे असल्यास काही वर्षांत चपटे होते.

मिश्र भरण हा दोहोंमधील व्यवहारी मार्ग होय. ८०:२० हे प्रमाण सर्वांत रूढ आहे. त्यात कापसाची पकड टिकते आणि पॉलिएस्टरमुळे थोडी उभारी व हलकेपणा येतो. नक्षी ठळक दिसावी असे वाटत असेल तर लोकरीला तोड नाही. लोकरीच्या तंतूंना मूळचीच स्प्रिंगसारखी लवचीकता असल्याने घडीच्या रेषा राहत नाहीत आणि शिवणींमधील भाग सुबक फुगतो. प्रदर्शनातील क्विल्टमध्ये कापसाच्या थरावर लोकरीचा थर घालून शिवणारे कारागीर आहेत, ते यासाठीच. कसर लागण्याचा धोका मात्र आपल्या हवेत विसरता येत नाही.

बांबूच्या भरणाचा अलीकडे बराच गाजावाजा झाला आहे. ते मऊ असते, अंगासरशी पडते, यात शंका नाही. परंतु बांबूच्या नावाने विकले जाणारे बहुतेक तंतू हे बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने केलेले रेयॉन असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली अशा रेयॉनच्या कापडाला ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या काही कंपन्यांवर कारवाई केली होती. घ्यावयाचे असल्यास मऊपणासाठी घ्यावे, ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

भरण विकतच आणावे असेही नाही. धुऊन आटविलेली फलाटीण, जुनी सुती चादर किंवा विटलेली पातळ ब्लँकेट मधल्या थरासाठी उत्तम चालते. हा गोधडीचाच मार्ग. कापड विणलेले असल्याने तंतू सरकण्याचा प्रश्न येत नाही, थर सपाट राहतो आणि मशीनवर मुळीच त्रास देत नाही. उन्हाळी पांघरूण, दिवाणावरची चादर किंवा भिंतीवर लावावयाचे काम यांसाठी तर हेच अधिक बरे. चादर रंगीत असल्यास तिचा रंग जात नाही ना, हे आधी पाहावे.

आटणे आणि रंग

कापसाचे भरण धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटते. आकडा लहान वाटतो, पण २४० सेंटिमीटर लांबीच्या क्विल्टवर ५ टक्के म्हणजे १२ सेंटिमीटर. पायथ्याशी एवढे पांघरूण कमी पडल्यास ते लक्षात येतेच. आटण्यामुळे कापडावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि नवा क्विल्ट जुन्या, वापरलेल्या क्विल्टसारखा दिसू लागतो. पुष्कळांना हे रूप मुद्दाम हवे असते. त्यांनी कापड व भरण दोन्ही न धुता शिवावे आणि मापात आधीच वाढ धरावी. कापड धुतलेले आणि भरण न धुतलेले असल्यास सुरकुत्या कमी येतात. गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर पॉलिएस्टर किंवा लोकर घ्यावी, अथवा वेष्टनावर परवानगी असल्यास कापसाचे भरण कोमट पाण्यात भिजवून, न चोळता, न पिळता, सपाट वाळवून घ्यावे. धुण्याच्या यंत्रात घुसळल्यास त्याचे तुकडे होतात.

रंगाची बाब लहान, पण चटकन फसविणारी आहे. न रंगविलेल्या कापसाचे भरण पिवळसर असते आणि त्यात सरकीच्या टरफलांचे काळपट ठिपके असतात. पांढऱ्या कापडाखाली ही छटा वर दिसते. तेथे शुभ्र भरण वापरावे. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून कापडाखाली काळे भरण मिळाल्यास उत्तम. तंतू बाहेर आलेच तरी डोळ्यांत भरत नाहीत.

उपयोग पाहून निवड

स्वयंपाकघरातील गरम भांडी धरण्याच्या किंवा त्यांखाली ठेवण्याच्या वस्तूंत फक्त कापूस वापरावा. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते. पिशव्यांसाठी घट्ट आणि पातळ भरण, तर भिंतीवरील कामासाठी न लोंबणारे, म्हणजे आधारपट असलेले भरण योग्य ठरते. बाळासाठी केलेल्या क्विल्टचे भरण वारंवार धुण्याला टिकणारे असावे. मात्र एक वर्षाखालील बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल, मऊ पांघरूण ठेवू नये, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे. तसा क्विल्ट बाळाला खाली खेळविण्यासाठी वापरावा. पलंगावरील मोठ्या पांघरुणासाठी भरणाचे वजन पाहावे. ओला झालेला कापसाचा दुहेरी क्विल्ट एकट्याने पिळून वाळत घालणे हे सोपे काम नाही.

नमुना शिवून पाहणे

वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, शेवटचा निर्णय नमुन्यावर करावा. क्विल्टसाठी घेतलेले तेच कापड, तेच अस्तर आणि तोच दोरा वापरून ३० सेंटिमीटर बाजूचा चौरस तयार करावा. त्याच्या अर्ध्या भागात ठरविलेली नक्षी आणि उरलेल्या अर्ध्या भागात तिच्याहून विरळ शिवण घालावी. चौरसाचे माप लिहून ठेवावे आणि क्विल्ट पुढे जसा धुतला जाणार आहे तसाच तो तीन वेळा धुवावा. वाळल्यावर पुन्हा मोजल्यास आटण्याचे प्रमाण कळते. उजेडाकडे धरल्यास भरण कोठे विरळ झाले आणि कोठे गोळा झाले ते दिसते. हातावर टाकून पाहिल्यास तो अंगासरशी पडतो की ताठ राहतो हेही समजते. या कामाला एक दिवस जातो.

भरण पसंत पडल्यावर ते क्विल्टहून चारही बाजूंनी सुमारे १० सेंटिमीटर मोठे कापावे, कारण शिवताना वरचा थर पसरत जातो. वेष्टनातून काढलेले भरण लगेच वापरू नये. ते रात्रभर उलगडून ठेवावे, म्हणजे घड्या बसतात. पॉलिएस्टरवर गरम इस्त्री फिरवू नये. रुंदी कमी पडत असल्यास दोन तुकडे एकावर एक न चढविता कडेला कड भिडवून रुंद झिगझॅग टाक्याने जोडावेत. एकावर एक चढविलेला जोड बोटाला लागतो आणि धुतल्यावर त्याची रेघ वर उमटते. उरलेल्या पट्ट्या याच रीतीने जोडून उशांच्या अभ्र्यांसाठी आणि पिशव्यांसाठी वापरता येतात. मात्र निरनिराळ्या प्रकारच्या भरणाचे तुकडे एका कामात जोडू नयेत, प्रत्येकाचे आटणे वेगळे असते. म्हणून उरलेल्या भरणावर त्याचे नाव, तंतूंचे प्रमाण आणि शिवणीतील अंतराचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवावी आणि हीच माहिती क्विल्टच्या मागील बाजूस शिवलेल्या कापडी पट्टीवरही, धुण्याच्या सूचनेसह, न जाणाऱ्या शाईने लिहावी.